आक्काने पाहिलेला सिंह

माझी थोरली बहीण, आमची आक्का, २०२३ च्या ऑक्टोबरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी चिंचवडला आमच्या घरी येऊन राहिली. आधी उजवा डोळा झाला, काही आठवड्यांनी डावा. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली, त्या दिवशी ती कितीतरी वेळ आमच्या गॅलरीत उभी होती. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे, तारेवर बसलेली कबुतरे, खालच्या रस्त्याने जाणारी कंपन्यांची बसगाडी, सारे ती एखाद्या लहान मुलासारखी न्याहाळत होती. मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बाळू, तुझे केस कवा पिकले रं?" मी निवृत्त होऊन तेव्हा आठ वर्षे लोटली होती. इतकी वर्षे तिला माझा चेहरा धुक्यातूनच दिसत होता, हे मला त्या क्षणी कळले.

त्या रात्री जेवताना माझ्या मुलाने तिला विचारले, "आत्या, डोळे नवे झाले. आता काय बघायचं ते सांगा. बांद्र्याची मावली, वेलांकनीची माउली, म्हणाल तिथे नेतो." आक्काने घास खाली ठेवला. "मावलीला मी डोळे मिटूनबी बघती," ती म्हणाली. "मला सिंव्ह दाखव."

घरातील सारे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण या मागणीचे मूळ साठ वर्षांपूर्वीच्या एका रविवारात होते आणि ते ठाऊक असलेला तिच्याखेरीज मी एकटाच उरलो होतो.

आमचे वडील प्रवरेकाठचे आपले गाव सोडून पोटामागे पिंपरीला आले. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ मध्ये औषधांचे उत्पादन सुरू झाले होते आणि आसपासच्या उजाड माळावर हळूहळू वस्ती उभी राहू लागली होती. वडिलांना तेथे काम मिळाले. त्यांनी आम्हां दोघा भावंडांना एकदा पुण्याला पेशवे पार्क पाहायला नेले. मी सहा वर्षांचा होतो, आक्का नऊ. पुण्याच्या महापालिकेने हे प्राणिसंग्रहालय १९५३ मध्ये उभारलेले होते, आणि १९५६ पासून तेथे 'फुलराणी' ही छोटी आगगाडी धावत असे. त्या गाडीसाठी मी हट्ट धरला. रांग मोठी होती. गाडीत बसून उतरेपर्यंत दुपार झाली. वडिलांना दुसऱ्या पाळीला कामावर हजर व्हायचे होते. घाईघाईने आम्ही एका पिंजऱ्यात येरझारा घालणारा वाघ पाहिला. आक्का म्हणाली, "आणि सिंह?" वडील म्हणाले, "सिंह पुढच्या खेपेला."

ती पुढची खेप आलीच नाही. एकोणीसशे एकाहत्तर साली आक्काचे लग्न झाले आणि ती संगमनेरच्या पुढे, अकोल्याच्या वाटेवर, प्रवरेच्या काठी सासरी गेली. आम्ही शहरात वाढलो, ती पुन्हा मातीत गेली. पेशवे पार्कमधील प्राणी पुढे कात्रजला हलवण्यात आले. तेथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झाले. माझ्या मुलाला मी तेथे नेले, चिंचवडच्या संभाजीनगरातील बहिणाबाई चौधरी उद्यानात साप आणि मगरीही दाखवल्या. आक्काला सिंह दाखवायचा राहून गेला आहे, हे मात्र मी साफ विसरलो. ती विसरली नव्हती.

माझा मुलगा चाकणच्या एका मोटार कारखान्यात अभियंता आहे. पिंजऱ्यातील सिंह त्याच्या मनास येईना. कंपनीच्या कामाने तो एकदा इंग्लंडला गेला होता. तेथे लाँगलीट नावाच्या एका सरदारी इस्टेटीत १९६६ मध्ये असे उद्यान उघडले गेले, की जेथे प्रेक्षक आपल्या मोटारीत बसूनच मोकळ्या फिरणाऱ्या सिंहांमधून जातो. आफ्रिकेबाहेरचे अशा प्रकारचे ते पहिलेच उद्यान. इस्टेटीच्या मालकाला वाडा सांभाळण्यासाठी पैशांची गरज होती आणि जिमी चिपरफील्ड नावाच्या सर्कसवाल्याला कल्पना सुचली होती. दोघांचे जमले. त्या उद्यानात माकडांचाही एक विभाग आहे. ती माकडे मोटारींच्या टपावर चढतात आणि वायपर उपटून नेतात, असे मुलाने सांगितले, तेव्हा आक्का म्हणाली, "म्हंजी तू हितं जोडायचं आन् माकडानं तिथं काढायचं!" त्याच्या कामाचे इतके नेमके वर्णन आजवर कोणी केले नसेल.

शेवटी बोरिवलीला जायचे ठरले. तेथील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सिंहांची सफारी १९७० च्या दशकापासून आहे आणि वाघांची त्यानंतर सुरू झाली. आपली मोटार मात्र आत नेता येत नाही. उद्यानाच्या जाळीबंद बसमधूनच जावे लागते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे आम्ही पाच जण निघालो. मी, पत्नी, मुलगा, नातू आणि आक्का. सूनबाईला कामावर जाणे भाग होते. द्रुतगती महामार्गावर घाट उतरताना उजाडले. डोंगराच्या कडा पाहून आक्का म्हणाली, "पहिल्यांदा गेले तवा ह्ये सगळं एकाच रंगाचं दिसलं हुतं." आम्हांला ज्या वाटेची इतकी सवय झाली होती, की गाडीत बसताच झोप लागे, ती वाट त्या दिवशी आम्ही तिच्या डोळ्यांनी पाहिली.

राष्ट्रीय उद्यानाचे दार म्हणजे मुंबईतील एक नवल आहे. मागे लोकल गाड्यांचा आणि महामार्गाचा गोंगाट, आणि पुढे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल. 'वनराणी' ही तेथील छोटी आगगाडी त्या वेळी बंद होती. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात तिच्या रुळांचे नुकसान झाले होते. नातू हिरमुसला. आक्काने मात्र माझ्याकडे पाहून हळूच म्हटले, "बरं झालं. न्हाय तर तू पुन्यांदा रांगेत बसवलं असतंस." साठ वर्षांपूर्वीचा हिशेब तिने इतक्या सौम्यपणे मिटवला.

तिकिटे काढून आम्ही बसमध्ये चढलो. खिडक्यांना जाड जाळी. थोड्या अंतरावर एक मोठे लोखंडी फाटक आले. बस आत शिरली, मागचे फाटक बंद झाले आणि त्यानंतरच पुढचे उघडले. दोन्ही फाटके एकाच वेळी कधीही उघडी राहत नाहीत. कारखान्यातील धोक्याच्या यंत्रावर अशीच सोय असते. झडप बंद असल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही. माझे सारे आयुष्य अशा यंत्रांपुढे गेले असल्यामुळे मला ती दोन फाटके पाहून बरे वाटले. मनुष्याच्या सावधपणावर विसंबून न राहता केलेली सोयच खरी सोय.

"आज माणसं पिंजऱ्यात आणि जनावरं मोकळी," मागच्या बाकावरचा एक गृहस्थ म्हणाला आणि सारी बस हसली. असे वाक्य त्या बसमध्ये रोज कोणीतरी म्हणत असणार. आक्का तेवढी हसली नाही. ती जाळीतून लांबवर पाहत होती. "त्ये बघ," तिने बोट दाखवले. झाडांच्या पलीकडे उंच कुंपण दिसत होते. "मोकळं कुठं? त्याचाबी वाडगाच हाय. आपला ल्हान, त्याचा थोर." नव्या डोळ्यांना कुंपण आधी दिसले होते.

आधी वाघ दिसला. तो पाण्याच्या कडेला पसरला होता आणि त्याने मान उचलण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मग दुसऱ्या दुहेरी फाटकातून आम्ही सिंहांच्या भागात आलो. बस थांबली. एका झाडाखाली जोडी बसली होती. हे सिंह आमच्या मातीतले नव्हेत. आशियाई सिंह आज निसर्गात गुजरातेतील गीर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातच उरला आहे. २०२० च्या गणनेत ते ६७४ भरले होते, २०२५ च्या गणनेत ८९१. बोरिवलीची मानस आणि मानसी ही जोडी २०२२ च्या अखेरीस जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातून आणलेली. त्यांच्या बदल्यात इकडून वाघांची एक जोडी तिकडे पाठवण्यात आली होती. मुलाने हे समजावून सांगताच आक्का म्हणाली, "म्हंजी साटंलोटं झालं की! ल्येक दिली, सून आणली." आमच्यापुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून तिच्याकडे पाहिले आणि पदराआड तोंड लपवले.

आक्का सिंहाकडे पाहत राहिली. बस थांबली होती तेवढा सारा वेळ ती काही बोलली नाही. लोक जाळीला मोबाईल टेकवून छायाचित्रे घेत होते. कोणी टाळ्या वाजवल्या, तेव्हा बसचालकाने गप्प राहण्यास बजावले. नातवाला सिंहाची डरकाळी हवी होती, आणि सिंहाने एक जांभई देऊन त्याची बोळवण केली. मी पुढे वाकून आक्काला विचारले, "कसा आहे?"

"पोटाखाली पोळी लोंबती बघ," ती म्हणाली. "बैलाला गळ्याखाली असती तशी." आशियाई सिंहाची हीच एक खूण सांगतात, की त्याच्या पोटाखाली कातडीची लांब घडी असते आणि आयाळ आखूड असल्यामुळे कान दिसतात. आक्काने कोठेही न वाचता ती खूण शेतकऱ्याच्या नजरेने टिपली होती. मग जरा थांबून म्हणाली, "पर ह्यो आपल्याकडं बघतच न्हाय रं. ह्याला ठावं हाय, भाकर येणार. आमचा बघतो. दिसत न्हाय, पर बघतो."

वीसेक मिनिटांत फेरी संपली. पुन्हा एक फाटक लागले, दुसरे उघडले, आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर एका झाडाखाली बसून आम्ही घरून आणलेल्या चपात्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. 'आमचा' म्हणजे कोण, हे नातवाने विचारले आणि आक्का सांगू लागली. तिच्या गावी बिबट्याला वाघच म्हणतात. ती लग्न होऊन आली, तेव्हा तो डोंगरात होता आणि क्वचित कधी खाली येई. पुढे पाणी वाढले, ऊस वाढला. बारा महिने उभे असलेले, माणसाहून उंच, दाट, थंड आणि पाण्याने वेढलेले पीक म्हणजे बिबट्याच्या दृष्टीने जंगलच. बाहेर पडले की कुत्री, शेळ्या, डुकरे आहेतच. तो उसातच राहू लागला आणि त्याची पिल्ले उसातच जन्मू लागली. ज्याने डोंगर पाहिलाच नाही, त्याला तुम्ही डोंगरात जा म्हणून कसे सांगणार?

आमचे दाजी रात्री उसाला पाणी द्यायला जात. शेतीच्या पंपाची वीज आठवड्यातील काही दिवस रात्रीच येते, म्हणून शेतकऱ्याला रात्री बांधावर उभे राहावे लागते. एकदा पहाटे ते घरी आले ते फार गप्प होते. चहा घेतल्यावर म्हणाले, "आज बांधावर माझ्या पावलांवर त्याची पावलं होती." ते दारे धरत पुढे गेले होते आणि परतताना त्यांनी विजेरी मारून पाहिले, तर ओल्या मातीत त्यांच्या चपलेच्या ठशावर पंजाचा ठसा उमटलेला. तो त्यांच्या मागून चालत आला होता, त्यांनी काही ऐकले नव्हते, आणि त्याने काही केले नव्हते. दाजी पुढे आजाराने वारले. बिबट्याने त्यांना कधी स्पर्श केला नाही. मात्र आक्काच्या दोन शेळ्या आणि एक कालवड त्याने नेली आणि अंगणातला कुत्रा तर किती वेळा बदलावा लागला, याची गणती नाही.

"आणि तू त्याला कधी पाहिलंस, आत्याआजी?" नातवाने विचारले.

"न्हाय," आक्का म्हणाली. एकदा ऊसतोड चालू असताना तिच्या शेतात त्याची दोन पिल्ले सापडली. तोडणारे मजूर पळाले. वनखात्याची माणसे आली, त्यांनी पिल्ले एका खोक्यात ठेवून संध्याकाळी ती त्याच जागी नेऊन ठेवली आणि सर्वांना घरात बसण्यास सांगितले. सकाळी खोके रिकामे होते. आई रात्री येऊन घेऊन गेली होती. "म्या खिडकीशी बसले हुते रातभर," आक्का म्हणाली, "पर मोतीबिंदू हुता ना. नुसता अंधार दिसला."

आम्ही बसलो होतो, त्या जंगलातही बिबटे होते. वनखात्याच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी बोरिवलीच्या या जंगलात आणि शेजारच्या आरे वसाहतीत मिळून पन्नासच्या आसपास बिबटे मोजले आहेत. म्हणजे कुंपणाच्या आत गीरहून आलेला पाहुणा तिकिटाच्या वेळेनुसार दर्शन देत होता, आणि कुंपणाच्या बाहेर इथला मूळ रहिवासी कोणालाही न दिसता फिरत होता. आम्ही पैसे देऊन ज्याला पाहायला आलो, त्याच्यापासून आम्हांला जाळी होती. जो आम्हांला पाहत असेल, त्याच्यापासून काहीच नव्हते. आणि तरीही आजूबाजूला शेकडो कुटुंबे डबे उघडून निर्धास्त जेवत होती.

परतीच्या वाटेवर मुलाने चाकणची हकीकत काढली. २०२२ च्या मार्चमध्ये एका पहाटे चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता. कामगारांना बाहेर काढण्यात आले, वनखात्याची आणि बचाव पथकाची माणसे आली आणि काही तासांनी त्याला भुलीचे इंजेक्शन मारून जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात नेण्यात आले. माझा मुलगा त्या वेळी जवळच्याच दुसऱ्या कारखान्यात होता. दिवसभर त्यांच्याकडे दुसरा विषय नव्हता. बिबट्या मोटार घ्यायला आला होता, पहिल्या पाळीला हजर व्हायला आला होता, असे विनोद त्या दिवशी सगळीकडे फिरले. मीही ते विनोद चार जणांना सांगितले होते.

आक्काला हसू आले नाही. "तिथं आधी काय हुतं?" तिने विचारले.

मी आठवू लागलो. मी नोकरीला लागलो, त्या काळी चाकण म्हणजे कांद्याचा आणि जनावरांचा बाजार. कारखाने तेथे पुढे आले. बजाजचा १९९९ मध्ये, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे २००९ मध्ये. त्यापूर्वी तेथे माळ होते, शेते होती, ओढे होते. खेड तालुका, ज्यात चाकण येते, तो वनखात्याच्या जुन्नर विभागात मोडतो, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके म्हणजे महाराष्ट्रातील उसातल्या बिबट्यांचे माहेरघर. बिबट्या कारखान्यात शिरला असे आम्ही म्हणतो. तो ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या जात होता, त्या वाटेत एक भिंत उभी राहिली होती, एवढेच त्याला ठाऊक असणार.

आणि पहाटेची ती वेळ! मी अडतीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केले. रात्रपाळी सुटण्याची ती घटका मला पक्की ठाऊक आहे. अंग जड झालेले, डोळ्यांत वाळू, आणि मनात एकच विचार, की उजाडण्यापूर्वी घरी पोहोचून आडवे व्हावे. आमचे दाजी त्याच वेळी बांधावरून परतत आणि तोही त्याच वेळी आपल्या फडाकडे परतत असे. तिघांचीही रात्रपाळीच. हा विचार मी गाडीत बोलून दाखवला नाही, पण पुढे कित्येक दिवस तो माझ्या मनातून गेला नाही.

त्याला पकडून दूर सोडून का देत नाहीत, असे नातवाने विचारले. शहाण्या माणसांनाही आधी हेच सुचले होते. जुन्नर भागात पकडलेले बिबटे एके काळी दूरच्या जंगलांत नेऊन सोडले जात. विद्या अत्रेया या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला, तेव्हा दिसून आले की जेथे असे बिबटे सोडले, त्या भागात माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. परक्या मुलखात सोडलेले जनावर बावरते, आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरे येते. त्यांनीच अकोले परिसरात, म्हणजे आक्काच्या शिवारात, कॅमेरे लावून दाखवले की त्या दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे नांदत होते. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासाच्या काळात तेथे माणसाचा बळी गेला नव्हता.

आक्काला हे सांगितले, तेव्हा तिला लहानपणी कन्यांच्या बोर्डिंगात ऐकलेली असिसीकर संत फ्रान्सिसची गोष्ट आठवली. गुब्बियो गावाला छळणाऱ्या लांडग्याशी संताने करार केला होता, की गावाने त्याला खाऊ घालावे आणि त्याने कोणाला इजा करू नये. "आमचाबी तसलाच करार," आक्का म्हणाली. "फक्त आमाला कुनी इचारलं न्हाय. कुत्रं त्याचं, शेरडू त्याचं. आन् आपण रातीला मोठ्यानं बोलत जायचं, रेडिओ लावायचा, जनावरं गोठ्यात कोंडायची, पोरं दाराबाहेर निजवायची न्हाईत. येवढं पाळलं की तो त्याच्या वाटंनं, आपण आपल्या." थोडे थांबून ती म्हणाली, "पर करार मोडला तर इचारायचं कुनाला?"

तो प्रश्न त्या वेळी गाडीत तसाच राहिला. दोन वर्षांनी तो परत आला.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात काही आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसे मरण पावली. त्यांत दोन लहान मुले होती आणि एक वृद्ध स्त्री. लोक रस्त्यावर उतरले. त्यांचा संताप पाहून आम्ही शहरातील माणसे दूरदर्शन संचापुढे बसून वन्यजीवांविषयी बोलत राहिलो, तर ते लाजिरवाणे होईल. पाठोपाठ वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. गावातील माणसे गळ्याभोवती खिळ्यांचा पट्टा बांधून शेतात कामाला निघाली होती, कारण बिबट्या मानेवर झडप घालतो. पूर्वी धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधीत.

ते छायाचित्र पाहताना मला बोरिवलीची बस आठवली. आम्हांला वीस मिनिटांसाठी केवढी जाडजूड जाळी, दोन-दोन फाटके, चालक, बंदोबस्त. आणि ज्याचा ऊस कारखान्यात जाऊन आमच्या चहात साखर होऊन पडतो, त्याला रात्री पाणी द्यायला जाताना गळ्यात एक पट्टा, तोही स्वतः करून घेतलेला. मी ज्याला सोय म्हणालो, ती झडप त्याच्या वाट्याला कोणी बसवली आहे? दिवसा वीज मिळाली, तर त्याला रात्री बांधावर जावे लागणार नाही. गोठ्याला भक्कम दार आणि वाटेवर दिवा मिळाला, तर मूल अंधारात सापडणार नाही. यांत चमत्काराचे काही नाही. कारखान्यात एका कामगाराचे बोट जाऊ नये, म्हणून आम्ही याहून अवघड गोष्टी करीत आलो आहोत.

त्या रात्री मी आक्काला फोन केला आणि म्हणालो, "तू इकडे ये. खोली रिकामी आहे." मुलगाही म्हणाला, "आत्या, मी उद्याच गाडी घेऊन येतो." आक्काने ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्या आले, तर गाय कुनाला घालू? आन् शेजारची पोरं रोज साळंतनं माझ्याबरुबर येत्यात. येष्टीच्या थांब्यापासनं चार पोरं हाईत. म्या पुढं, त्ये मधी. मोठ्यानं पाढे म्हणत येतो आमी."

मला एकदम ते दृश्य दिसले. एकाहत्तर वर्षांची बाई, हातात काठी, मागे चार मुले, दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि त्या उसावरून जाणारा पाढ्यांचा आवाज. तिचे डोळे आता स्वच्छ आहेत, एवढाच काय तो दिलासा. त्या शस्त्रक्रियेचा खरा उपयोग सिंह पाहण्यापुरता नव्हता.

बोरिवलीला मुलाने घेतलेले सिंहाचे छायाचित्र आम्ही मोठे करून तिला पाठवले होते. ते तिने दारावरच्या भिंतीला, वडिलांच्या तसबिरीशेजारी लावले आहे. "आप्पांना सांगितलं," ती म्हणाली होती, "पुढची खेप झाली म्हणून." त्याच भिंतीला खाली खिळ्याला विजेरी टांगलेली असते. मुलाने तिला सौर दिवा नेऊन दिला, तो गोठ्यापाशी बसवला आहे. वायर ओढण्याचे आणि खांब रोवण्याचे काम त्याने एका रविवारी स्वतः केले.

आता रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या घरून फोन जातो. फोन करण्याचे काम नातवाने आपल्याकडे घेतले आहे. तो फार काही बोलत नाही. "आत्याआजी, गाय आत घेतलीस?" ती म्हणते, घेतली. "पोरं घरी पोचली?" पोचली. "दाराला कडी लावलीस?" मग फोनमधून कडी सरकवल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकल्यावरच तो फोन खाली ठेवतो.